खारफुटी लागवडीचं पॅकेज: रोपं नंतर मोजा, आधी पाणी बघा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कंपन्यांना, मोठ्या सोसायट्यांना सध्या खारफुटी लागवडीची तयार पॅकेजं देऊ केली जातात. देणारा कुणीही असो, ढाचा बहुतेक तोच असतो: एक एकर जागा, ४,००० रोपं, एका रविवारचा कार्यक्रम, गमबूट आणि हातमोजे, नाश्ता, फलक, ड्रोनने काढलेला व्हिडिओ, एक वर्षाची देखभाल आणि शेवटी लावलेल्या रोपांच्या आकड्याचं प्रमाणपत्र. हे परीक्षण या ढाच्याचं आहे, म्हणून कुणाचं नाव घेतलेलं नाही.

गुण आधीच सांगून टाकतो. रोपांना ५ पैकी ४, लावणीला ३, देखभालीला २, जागेच्या निवडीला १. आणि जागा चुकली की बाकीचे गुण पुसले जातात. रोप जोमदार असलं म्हणून तिवर, म्हणजे इथली मुख्य खारफुटी, जगत नाही. त्याच्या बुडाशी दिवसातून किती तास पाणी असतं आणि ते पाणी परत निघून जातं का, यावर त्याचं जगणं ठरतं. पॅकेजच्या कागदात पाण्याबद्दल एक ओळही नसेल तर सही करू नका.

जागा: इथेच बहुतेक पैसे बुडतात

जागा दाखवायला नेतात ती वेळ सुकतीची, म्हणजे ओहोटीची असते. समोर करडा, गुळगुळीत चिखल लांबवर पसरलेला, त्यावर एकही झाड नाही. मोकळी जागा दिसली की लावायला जागा आहे असं वाटतं. थांबायचं ते नेमकं इथे. ठाणे खाडीत तिवराचं बी दर पावसाळ्यात पाण्यावर ढिगांनी तरंगत असतं. एखाद्या चिखलावर वर्षानुवर्षं त्यातलं एकही रुजत नसेल, तर बी कमी पडलं हे कारण असूच शकत नाही. एक तर ती जमीन फार सखल आहे, किंवा पाणी कुठेतरी अडलंय, किंवा लाटांचा नाहीतर बोटींच्या पाण्याचा मार बसतोय. हे कारण न शोधता लावलेली रोपं त्याच कारणाने मरतात.

खारफुटी साधारणपणे समुद्राची सरासरी पातळी आणि मोठ्या उधाणाची भरती यांच्या मधल्या पट्ट्यात वाढते. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात सरासरी पातळी २.५ मीटरच्या आसपास येते आणि मोठ्या उधाणाला पाणी ४.५ मीटरच्या वर चढतं. म्हणजे उभ्या मापात सगळा पट्टा जेमतेम दोन-सव्वादोन मीटरचा. खाडीचा उतार इतका सौम्य असतो की दोन वीत खाली-वर झालं तर जागा पन्नास पावलं सरकते. सरासरी पातळीच्या खालच्या चिखलात लावलेलं रोप दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली राहतं, खोडावरची श्वासरंध्रं बंद होतात, आणि रोप आधी मुळातून गुदमरतं. पानं तर नंतर पिवळी पडतात. फिलिपाइन्समध्ये अनेक वर्षं असंच, खालच्या चिखलात, प्रचंड प्रमाणावर कांदळ ही खारफुटीची दुसरी जात लावली गेली. तिथल्या पाहणीत दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी १० ते २० टक्केच निघालं.

शिवाय हा मोकळा चिखल रिकामा नसतोच. रोहित पक्षी याच चिखलात चरतात. ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्यात या चिखलाचा वाटा झाडांइतकाच आहे. कोळी बायका निवट्या आणि चिंबोऱ्या पकडतात त्या इथेच. चिखलावर झाडं लावून पक्ष्यांचं आणि कोळ्यांचं ताट हिसकावणं याला पर्यावरणाचं काम म्हणता येणार नाही. पॅकेजवाल्याने असा चिखल दाखवला तर लगेच नाही म्हणा.

मग जागा तपासायची कशी? खर्च फार नाही. जवळात जवळ जिथे तिवर आपोआप उगवलंय आणि ज्याच्या खाली लहान रोपंही दिसतात, तिथली जमीन हा तुमचा नमुना. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, नमुन्याच्या जागेची पातळी प्रस्तावित जागेपर्यंत आणा. फरक काही बोटांचा असेल तर ठीक, हातभर असेल तर जागा बाद. त्याच्या जोडीला बांबूच्या १० काठ्या जागेत अंतराअंतराने रोवा आणि त्यांना खालपासून वरपर्यंत गेरू फासा. उधाणाचं पाणी जिथपर्यंत चढेल तिथपर्यंत गेरू धुऊन निघतो. दोन-तीन उधाणांच्या नोंदी झाल्या की पाणी कुठे येतं, कुठे येत नाही आणि कुठे तुंबतं हे कागदावर मांडता येतं. हे काम पावसाआधी करायचं, कारण पावसात गेरू तसाही वाहून जातो. चांगला पुरवठादार ही नोंद स्वतःहून देतो. ती मागितल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

मोरीत अडकलेलं जंगल

ठाणे-नवी मुंबईत खारफुटी मरते तेव्हा बऱ्याचदा कुऱ्हाड लागलेलीच नसते. रस्ता, पाइपलाइन किंवा बांध टाकताना पाण्याची वाट बंद होते, किंवा डेब्रिजचे डंपर रात्री रिकामे होतात, आणि आतलं तिवर हळूहळू वाळतं. अशा ठिकाणी लागवडीचं पॅकेज विकणं म्हणजे रोग्याला औषध न देता शेजारी नवीन खाट टाकणं.

रस्त्याखालची मोरी दोन्ही तोंडांनी बघा. खाडीकडच्या तोंडावर हिरव्या शेवाळाची रेघ कमरेइतकी उंच आणि आतल्या तोंडावर घोट्याइतकी असेल, तर मधे काहीतरी अडकलंय: थर्माकोलचे तुकडे, निर्माल्याच्या पिशव्या, गाद्या, नारळाच्या शेंड्या, आणि या सगळ्यावर बसलेला गाळ. आतली जमीन मे महिन्यात पांढरी पडते, मिठाचा पापुद्रा बुटाखाली कुरकुरतो. तिवराची श्वसनमुळं, जी चिखलातून पेन्सिलीसारखी उभी येतात, ती टोकाकडून काळी पडून मोडतात. निरोगी मूळ वाकवलं तर लवचीक लागतं, मेलेलं कटकन तुटतं. इथे एक मोरी साफ केली आणि चर मोकळा केला तर एकही रोप न लावता दोन-तीन पावसाळ्यांत बी आपोआप येऊन रुजू शकतं. शक्य असेल तिथे आम्ही हाच पर्याय सुचवू, पण तो जवळजवळ कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो, कारण त्यात मोजायला रोपं नसतात आणि फोटोला कार्यक्रम नसतो.

जमीन खोलगट होऊन पाणी तुंबत असेल, तर तमिळनाडूत पिचावरम आणि मुथुपेटच्या खारफुटीत वापरलेली चरांची पद्धत उपयोगी पडते. माशाच्या काट्यासारखी आखणी: एक मुख्य चर, त्याला दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशात जोडलेले उपचर. मुख्य चर खाडीशी जोडायचा, कडा उतरत्या ठेवायच्या, नाहीतर पहिल्याच पावसात ढासळतात. रोपं चराच्या तळाशी लावायची नसतात, उतरत्या कडेवर मध्यावर लावायची. चुकतं ते दोन ठिकाणी. खणलेला गाळ चराच्या काठावरच टाकतात, त्याचा नवा बांध होतो आणि पाणी पुन्हा अडतं. दुसरं, चरात गाळ भरतो, तो दरवर्षी पावसाळ्यानंतर काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो. कोटेशनमध्ये ‘चर खोदाई’ दिसलं की ‘चर गाळ-उपसा, ३ वर्षं’ ही ओळ शोधा.

रोपं

इथे बहुतेक पुरवठादार बरं काम करतात. ठाणे खाडीत तिवराचंच राज्य आहे, कारण ते प्रदूषण आणि खारटपणा दोन्ही सोसतं. समुद्राच्या पाण्याच्या दुप्पट खारटपणातही ते तग धरतं, फक्त खुरटतं. पानाला वरून जीभ लावली तर खारट लागते, उन्हात मिठाचे कण डोळ्यांनी दिसतात: झाड जादा मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळाला तितका खारटपणा झेपत नाही, त्याला नियमित भरतीचा, ओलसर, आडोशाचा काठ लागतो. पांढरी चिप्पी खाडीच्या तोंडाकडची. २०२० मध्ये तिला राज्याचा कांदळवन (खारफुटी) वृक्ष म्हणून मान मिळाला, तेव्हापासून ती प्रमाणपत्रावर असावी असा आग्रह दिसतो. आग्रहाने झाड जगत नाही. ‘८ जातींची जैवविविध लागवड’ असं लिहिलेलं असेल तर प्रत्येक जात कुठल्या पातळीवर लावणार ते नकाशावर दाखवायला सांगा. आजूबाजूला फक्त तिवर असेल तर तिवरच लावा, आणि जमिनीकडच्या काठावर मारंडी, गेवा आपसूक येतात त्यांना येऊ द्या.

तिवराचं बी पावट्याच्या मोठ्या दाण्यासारखं, किंचित चपटं, राखाडी-हिरवं. पाण्यात पडल्यावर वरची पातळ साल गळते, आत दोन जाड हिरव्या पाकळ्या एकमेकींत दुमडलेल्या आणि त्यांच्या मधून लव असलेलं मूळ डोकावतं. ते साठवून ठेवता येत नाही, काही दिवसांत कुजतं. म्हणून बी गोळा करणं आणि पिशवीत टोचणं लगोलग व्हायला हवं. कांदळाची शेंग शेवग्यासारखी लांब. फळ आणि शेंग यांच्या मधलं कडं पिवळं झालं की ती पक्व. त्याआधी तोडलेली शेंग रुजली तरी कमकुवत राहते. बारीक भोकं असलेली शेंग बाजूला काढायची, आत किडा असतो.

पिशवीतलं रोप घेताना हे बघा: उंची फूटभर ते दीड फूट, किमान ४ ते ६ पानं, खोडाचं बूड लाकडासारखं होऊ लागलेलं, मुळं पिशवीत गोल फिरलेली नाहीत. माती खाडीचीच हवी. बागेच्या लाल मातीत गोड्या पाण्यावर वाढवलेली रोपं दिसायला टवटवीत असतात, खाडीत उतरवल्यावर पंधरवड्यात पानं टाकतात. रोपवाटिका भरतीच्या पाण्याच्या पट्ट्यात आहे का, एवढा एक प्रश्न पुरतो.

लावणीचा रविवार

कार्यक्रमाची तारीख साहेबांच्या सवडीने ठरते, खाडी मात्र तिथीने चालते. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरती किती वाजता ते मिळतं. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी सुकती. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं. पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी सकाळी दहाला ७० माणसं उतरवली तर तासाभरात पाणी गुडघ्याला लागतं, घाईत रोपं कशीही खोचली जातात. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस लावणीला चांगले: पाणी कमी चढतं आणि पुढचं उधाण येईपर्यंत रोपाला मूळ धरायला पाच-सहा दिवस मिळतात. ५ जूनचा हट्ट सोडा. तेव्हा चिखलातला खारटपणा शिगेला असतो. जुलैच्या मध्यानंतर, पावसाने खारटपणा उतरल्यावर लावणी करा.

खड्डा पिशवीच्या उंचीचाच. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतं ती जागा, चिखलाच्या पातळीला यायला हवी. उत्साहात खोल दाबलेलं रोप गुदमरतं, वर राहिलेलं वाहून जातं. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची आणि परत आणायची. ४,००० रोपं गेली तर ४,००० पिशव्या मोजून परत आल्या पाहिजेत, ही अट करारात घाला. रोप नायलॉनच्या दोरीने काठीला बांधू नये, खोड जाड झाल्यावर ती दोरी सालीत रुतते.

एकरी ४,००० हा आकडा १ मीटर अंतराने येतो. दीड मीटरला एकरी १,८००, हेक्टरी ४,४४४. दोन मीटरला एकरी १,०००. ठाणे खाडीसारख्या ठिकाणी, जिथे बी आपोआप येतं, दोन मीटर पुरे. दाट लावणीचा उपयोग आकडा फुगवण्याला होतो.

देखभाल: २ गुण का

पहिले तीन महिने दर उधाणानंतर प्लास्टिक काढायला माणूस हवा. पातळ पिशवी रोपाला गुंडाळली जाते, पुढच्या भरतीत ती शिडासारखी पाणी धरते आणि रोप उपटून नेते. हिवाळ्यात केसाळ हिरवं शेवाळ पानांवर चढतं, ते हाताने सोडवावं लागतं. खोडावर पांढरे बारीक शिंपले बसू लागले तर खरवडू नका, साल निघते. ते जागा सखल असल्याची खूण आहेत. काठावर म्हशी आणि बकऱ्या तिवराचा पाला आवडीने खातात, तिथे पहिलं वर्ष राखण लागते. हे काम जवळच्या कोळीवाड्यातल्या माणसांना महिन्याच्या पगारावर द्यावं. त्यांना पाणी कळतं, आणि डेब्रिजचा डंपर शिरला तर सगळ्यात आधी त्यांना दिसतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिवरावर अळ्या येतात आणि अख्खं रान करडं, निष्पर्ण दिसू लागतं. सागाची पानं खाणारीच ही अळी. काही आठवड्यांत झाडं पुन्हा पालवतात. फवारणीचं बिल कुणी लावलं तर नाकारा, ते औषध खाडीत उतरून चिंबोऱ्या आणि मासळी मारतं.

नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावताना, एक शिस्त: मर १० ते २० टक्के असेल तर भरा. ३० टक्क्यांच्या वर असेल तर कारण सापडेपर्यंत नवीन रोप लावू नका. पॅकेजमध्ये मात्र ‘मेलेलं रोप मोफत बदलून’ ही ओळ मोठ्या अक्षरांत असते, आणि त्याच जागी तेच रोप तीनदा मरतं.

मोजणी १ वर्षाची पुरत नाही. एकरात १० बाय १० मीटरचे ५ चौकोन कायमचे आखा, ३, १२ आणि ३६ महिन्यांनी त्यातली रोपं मोजा, आपोआप आलेली वेगळी लिहा, एकाच खांबावरून एकाच दिशेने फोटो घ्या. ‘एका रोपामागे इतका किलो कार्बन’ असा हिशोब प्रमाणपत्रावर छापलेला असेल तर तो धरू नका. खारफुटीतला बराचसा कार्बन खालच्या चिखलात साठलेला असतो, आणि चुकीच्या खोदाईने तोच बाहेर पडतो.

पाणी चढतंय, झाडं जाणार कुठे?

जगभरात समुद्राची पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली. खारफुटी गाळ धरून स्वतःची जमीन उचलते, म्हणून इतक्या वेगाला ती टिकू शकते. हा वेग ६-७ मिलिमीटरच्या पलीकडे गेला तर टिकणं फार अवघड, असं जुन्या गाळाच्या अभ्यासातून दिसलंय. तेव्हा तिला जमिनीकडे सरकावं लागेल. आणि आपल्याकडे मागे काय आहे? पाम बीच रस्ता, भिंती, भराव. पुढून पाणी, मागून काँक्रीट.

म्हणून आमच्या मते एकरभर जागा निवडायचीच असेल तर ती खाडीच्या बाजूची नको, जमिनीच्या बाजूची हवी: फुटलेल्या बांधाआडचं खाजण, वापरात नसलेलं मिठागर, जिथे उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, मोकळी केली की पाणी आत-बाहेर खेळेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलाय, तो पट्टा म्हणजेच उद्याची सरकायची जागा. तिथे फलक, चौथरा, ‘सेल्फी पॉइंट’ बांधून देणारं पॅकेज घेऊ नका.

सही करण्याआधी ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात एक सुकती घालवा, आपोआप वाढलेलं तिवर कुठल्या पातळीवर उभं असतं ते डोळ्यांत बसेल. मग पुरवठादाराकडे चार कागद मागा: वनखात्याच्या कांदळवन कक्षाची त्याच सर्व्हे नंबरची परवानगी, कारण बरीचशी खारफुटी राखीव वन आहे आणि तिथे हौसेने रोप लावणंही चालत नाही, उधाणांच्या पातळीची नोंद, जाती आणि अंतर दाखवणारा नकाशा, आणि ३ वर्षांच्या देखभालीचं वर्षवार अंदाजपत्रक. पैसेही तसेच द्या: निम्मे लावणीनंतर, उरलेले १२ आणि ३६ महिन्यांच्या मोजणीनंतर.